चूक कुणाची, आणि किती टक्के?

कोल्हापुरात दोन गाड्या घासल्या की निकाल लागायला पाच मिनिटं पुरतात. पानपट्टीवरचे दोघे, रिक्षातनं उतरलेला एक आणि 'मी सगळं बघितलंय' म्हणणारा, पण खरं तर आवाज ऐकून मागं वळलेला एक, एवढ्यात खंडपीठ भरतं. निकाल बहुतेक ठरलेलाच असतो: मोठ्या गाडीवाल्यानं द्यायचे. मग बंपरचे किती नि इंडिकेटरचे किती यावर घासाघीस होते आणि 'मिटवा की भावा आता' म्हणत गर्दी पांगते.

या गर्दीला मी बरीच वर्षं हसायचो. मागच्या एका पावसाळ्यात माझी दुचाकी पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेली, मनगट मोडलं, तीन आठवडे प्लास्टर पडलं. वकील मित्र चहाला आला होता. त्याला म्हटलं, "दावा लावूया का रे?"

"रस्ता कुणाचा?" त्यानं विचारलं.

"सरकारचा."

"कुठल्या सरकारचा? महापालिकेचा, बांधकाम खात्याचा, का हायवेवाल्यांचा?"

मला माहीत नव्हतं.

"खड्ड्याचा फोटो?"

नव्हता.

"दवाखान्यात केसपेपरवर काय लिहिलंय?"

केसपेपरवर 'घरी घसरून पडले' असं लिहिलं होतं. पोलिसांची भानगड नको म्हणून मीच तसं सांगितलं होतं. मित्रानं कप खाली ठेवला. "मग झालं की. तू घरात पडलायस."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. गेल्या दोन-तीन वर्षांत न्यायालयांनी हलगर्जीपणा आणि भरपाई यांबद्दल जे निकाल दिलेत, त्यातले आपल्या रोजच्या जगण्याशी भिडणारे निकाल सरळ भाषेत सांगावेत, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. अपघात झाला की आपण म्हणतो 'केस झाली'. पण एकाच अपघातातून दोन वेगळ्या वाटा फुटतात. एक फौजदारी. तिथं सरकार विरुद्ध आरोपी असा सामना असतो आणि प्रश्न शिक्षेचा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे हलगर्जीपणानं कुणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उपचार करताना डॉक्टरच्या हातून असं झालं तर दोन वर्षांपर्यंत. दुसरी वाट दिवाणी. तिथं प्रश्न पैशाचा: ज्याचं नुकसान झालं त्याला ते कोण भरून देणार? फौजदारीत गुन्हा संशयापलीकडं सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत तराजूचं पारडं एका बाजूला झुकलं तरी पुरतं. म्हणून ड्रायव्हर फौजदारीतून सुटला तरी भरपाई द्यावी लागू शकते, यात काही विपरीत नाही.

दिवाणी दाव्यात न्यायाधीश, वेगवेगळ्या शब्दांत का होईना, चार गोष्टी तपासतात. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती का? त्यानं त्यात कसूर केली का? नुकसान त्या कसुरीमुळंच झालं का? आणि ते रुपयांत किती? चौकातली गर्दी फक्त दुसरा प्रश्न विचारते. खरी लढाई बऱ्याचदा पहिल्या आणि तिसऱ्यावर होते.

पहिल्या प्रश्नाचं एक ताजं उदाहरण खड्ड्यांचं आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलबद्दल निकाल दिला. हे प्रकरण जुनं. २०१३ मध्ये याच न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना रस्त्यांच्या अवस्थेबद्दल पत्र लिहिलं आणि न्यायालयानं स्वतःहून त्याची जनहित याचिका केली. मधल्या बारा वर्षांत आदेश निघत राहिले, खड्डे पडत राहिले. शेवटी न्यायालयानं रक्कमच ठरवून टाकली. खड्ड्यामुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये. जखमीला दुखापतीच्या मानानं ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. दावा तपासायला समिती, त्यात महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. अर्ज आल्यावर सहा ते आठ आठवड्यांत पैसे. उशीर झाला तर वर्षाला ९ टक्के व्याज, आणि त्या दिरंगाईसाठी वरिष्ठ अधिकारी व्यक्तिशः जबाबदार. खड्डा लक्षात आणून दिल्यावर तो ४८ तासांत बुजवायचा. दिलेली रक्कम नंतर चौकशी करून दोषी अधिकाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची.

या निकालातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही वसुलीची अट. एरवी भरपाई महापालिकेनं दिली म्हणजे ती शेवटी घरफाळ्यातून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून जाते. ज्यानं डांबराचा थर पातळ केला तो नामानिराळा राहतो. आता वसुलीची वाट त्याच्या दारापर्यंत जाते. ती प्रत्यक्षात किती जाईल हे बघायचं, पण कागदावर तरी गेली आहे.

सार्वजनिक संस्थेवर जबाबदारी टाकताना न्यायालयं कायमच इतकी सढळ असतात असं मात्र नाही. राजकोटमध्ये १९७५ साली ऑफिसला निघालेल्या एका माणसावर रस्त्याकडेचं झाड कोसळलं आणि तो गेला. बायको-मुलांनी दावा लावला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महापालिकेला जबाबदार धरलं नाही. झाडं लावणं-जपणं हे काम कायद्यानं सोपवलेलं असलं, तरी प्रत्येक वाटसरूबद्दल भरपाईपर्यंत जाणारं कर्तव्य त्यातून आपोआप उभं राहत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. उलट १९५१ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला तेव्हा न्यायालयानं पालिकेला सोडलं नाही. मनोरा ऐंशी वर्षांचा, त्यातल्या चुन्या-विटांचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. मालकी आणि ताबा पालिकेचाच, आणि नीट राखलेला मनोरा आपणहून कोसळत नसतो. मग तो का पडला हे पालिकेनंच सांगायचं, लोकांनी नव्हे. झाड आणि मनोरा यांत न्यायालयानं केलेला फरक मला आजही पुरता पटत नाही. वळवाच्या वाऱ्यात आपल्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्या झाडाखाली गाडी लावताना तो आठवतो, एवढं खरं.

आता रस्त्यावरच्या टकरीकडं येऊ, कारण कोल्हापूरकराला न्यायालयाचं तोंड बघावं लागतं ते जास्त करून इथं. मागून धडकला त्याची चूक, हा आपल्याकडचा पक्का समज. २९ जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्याला चांगलाच धक्का दिलाय. कोइमतूरजवळ जानेवारी २०१७ मध्ये इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी हायवेवर दुचाकीवरून चालला होता. पुढच्या कारवाल्यानं अचानक करकचून ब्रेक मारला. का, तर सोबतच्या गरोदर बायकोला उलटीची भावना झाली. दुचाकी कारवर आदळली, मुलगा रस्त्यावर पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला.

वाहन अपघाताचे दावे आधी ऐकणाऱ्या खालच्या न्यायाधिकरणानं कारवाल्याला पूर्ण सोडून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं चुकीची वाटणी अशी केली: कारवाला ५० टक्के, बस ३० टक्के, विद्यार्थी २० टक्के. हायवेवर गाड्या वेगातच असणार; थांबायचं असेल तर मागच्याला इशारा देणं ही थांबणाऱ्याची जबाबदारी आहे आणि बायकोला उलटी येत होती हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. विद्यार्थ्याचे २० टक्के का? पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर त्यानं राखलं नव्हतं आणि त्याच्याकडं वैध लायसन नव्हतं. एकूण भरपाई सुमारे १ कोटी १४ लाख ठरली, त्यातून त्याचा वाटा वजा होऊन हातात सुमारे ९१ लाख आणि व्याज.

या वाटणीला मी सहदोष म्हणतो. वकील मंडळींचा शब्द जरा जड आहे: अंशदायी निष्काळजीपणा. अर्थ इतकाच, की तुमच्या नुकसानीत तुमचा हात जेवढा, तेवढी भरपाई कापली जाणार.

मग गाडीत नुसत्या बसलेल्या प्रवाशाचं काय? आपल्याकडं हा प्रश्न ऊस हंगामात दर वर्षी उभा राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून रात्री शिरोळ, हातकणंगले, कागलच्या रस्त्यांवरून जाऊन बघा. उसानं लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. एखादी पंक्चर होऊन अर्ध्या रस्त्यात उभी, चाकाला दगड लावलेला आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. धडकलेल्या गाडीवाल्याला विमा कंपनीचा वकील हमखास विचारतो, "तुम्हाला एवढी मोठी ट्रॉली दिसली नाही?" अंधारात न दिसणारी वस्तू दिसायला हवी होती असं म्हणणं सोपं असतं, त्यातही दिवसाउजेडी कोर्टात उभं राहून.

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकं असंच प्रकरण होतं. चौदा चाकी ट्रेलर रात्री हायवेवर दिवे न लावता उभा होता, त्यावर कार आदळली, आतली माणसं गेली. न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. असा ट्रेलर रस्त्यात सोडणाऱ्यांचा दोष बिचाऱ्या कार ड्रायव्हरवर ढकलता येत नाही. आणि समजा ड्रायव्हरची थोडी चूक निघालीच, तरी ती आत बसलेल्या प्रवाशांच्या माथी मारून त्यांची भरपाई कापता येत नाही. म्हणजे वडापच्या जीपमधून गावाला निघालेल्या आजीच्या वारसांना 'तुमचा ड्रायव्हर पण जोरात होता' असं सांगून परत पाठवता येणार नाही.

पण एक दार जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा एकदा बंदच ठेवलं. स्वतःच बेदरकारपणे गाडी चालवून, दुसऱ्या कुणाचा संबंध नसताना गाडी उलटली आणि चालवणारा गेला, तर त्याच्या कुटुंबाला समोरच्याच्या चुकीवर आधारलेली ही भरपाई मागता येत नाही. समोर कुणी नाहीच, मग चूक कुणाची म्हणणार? हायवेवर 'नाद खुळा' करणाऱ्या पोरांच्या आया-बापांनी तरी हे माहीत करून घ्यावं.

आकडा कसा निघतो, हे बहुतेकांना गूढ वाटतं. खरं तर ते पाढ्यांइतकं सरळ आहे. २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांनी सर्वोच्च न्यायालयानं त्याचं कोष्टकच बसवून दिलंय. समजा, शिरोली एमआयडीसीत स्वतःचं छोटं वेल्डिंगचं काम करणारा, महिना २० हजार कमावणारा ३५ वर्षांचा माणूस ट्रकखाली गेला. घरात बायको, दोन मुलं, आई. वय चाळिशीच्या आत आणि काम स्वतःचं, म्हणून पुढं कमाई वाढली असती याचे ४० टक्के मिळवायचे: २८ हजार. त्यातला जो भाग तो स्वतःवर खर्च करी तो काढायचा. चार माणसं अवलंबून असतील तर एक चतुर्थांश. उरले २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. त्या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो ठरीव आकडा, १६. झाले ४० लाख ३२ हजार. वर अंत्यसंस्काराचे, मालमत्तेच्या हानीचे आणि मायेच्या माणसाला मुकल्याचे असे ठरीव पैसे, ज्यात दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. या माणसावर २० टक्के सहदोष लागला तर ४० लाख ३२ हजारांचे ३२ लाख २५ हजार ६०० होतात. हेल्मेट, लायसन, अंतर या गोष्टींची किंमत अशी थेट लाखांत येते.

यात कमाईचा पुरावा नसेल तर घोडं अडतं. आणि पुरावा मुळीच नसलेलं माणूस प्रत्येक घरात असतं: घर सांभाळणारी बाई. पहाटे चारला उठून म्हशीची धार काढणारी, डेअरीत दूध घालणारी, शेणघाण, स्वयंपाक, पोरं, म्हातारी माणसं बघणारी. दूध संस्थेच्या खात्यावर नाव मात्र नवऱ्याचं. पूर्वी अशा बाईसाठी विमा कंपन्या 'उत्पन्न: काही नाही' असं लिहून मोकळ्या व्हायच्या. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ठामपणे सांगितलं की गृहिणीच्या कामाला पैशाचं मोल आहे, ते मानीव, म्हणजे अंदाजानं ठरवलेलं, उत्पन्न धरून काढायचं आणि त्यात भविष्यातली वाढही मिळवायची. निकाल देणाऱ्यांत न्या. एन. व्ही. रमणा होते. माझ्या मते हिशेबाच्या कायद्यातलं गेल्या काही वर्षांतलं हे सगळ्यात माणुसकीचं पान आहे.

काही ठिकाणी मात्र 'चूक कुणाची' हा प्रश्न न्यायालय विचारतच नाही. वीज त्यातली. मध्य प्रदेशात १९९७ च्या ऑगस्टमध्ये एक माणूस रात्री सायकलवरून घरी येताना रस्त्यात पडलेल्या जिवंत तारेला चिकटून गेला. वीज मंडळाचं म्हणणं: कुणीतरी आकडा टाकून वीज चोरत होतं, त्याची ती तार, आमचा काय दोष? सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हे ऐकून घेतलं नाही. इतकी धोकादायक वस्तू जो बाळगतो आणि पुरवतो, त्याच्यावर ती निसटल्याची जबाबदारी काळजी घेतली असली-नसली तरी येते. उसाच्या फडात पाणी पाजायला रात्रीचं जावं लागणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. कारखान्यांतल्या विषारी वायूबद्दल तर नियम याहून कडक आहे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत ऑलियम वायू गळाला, त्यावरच्या १९८६ च्या निकालात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठानं 'निरपवाद जबाबदारी' घालून दिली. दैवी आपत्ती, तिऱ्हाइताची करामत, कसलीच सबब चालत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत बरोबर उलटं. तिथं परिणाम वाईट आला एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात १९९६ साली एका लहान मुलाच्या पापणीची शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर त्याची दृष्टी सुधारण्याऐवजी बिघडली. तरीही डॉक्टर दोषी ठरले नाहीत, कारण त्यांच्याकडं त्या कामाची पात्रता नव्हती किंवा त्यांनी मान्य पद्धत सोडली, हे दाखवणारा पुरावा नव्हता. कसोटी साधी आहे: तेवढंच शिकलेल्या दुसऱ्या बऱ्या डॉक्टरनं त्या क्षणी असंच केलं असतं का? केलं असतं, तर हलगर्जीपणा नाही. फौजदारी खटल्यासाठी तर २००५ पासून उघडउघड, ढोबळ निष्काळजीपणा लागतो.

पण कसोटी नापास होणारेही असतात, आणि त्यातला पायाभूत मानला जाणारा एक खटला आपल्याच भागातला आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाचा अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं. पुण्याला नेल्यावर भूल न देता जोर लावून हाड बसवलं गेलं, आणि त्या धक्क्यानं तो गेला. बापानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली. भरपाई ३ हजार रुपये. पण रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कुठला उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्हींत डॉक्टरचं काळजी घेण्याचं कर्तव्य असतं, हे १९६८ च्या त्या निकालातलं सूत्र आजही देशभर वापरलं जातं.

संमतीपत्राबद्दलही एक सांगायला हवं. आपल्याकडं बाईचं ऑपरेशन असलं की सही नवरा, भाऊ, दीर, जो हाताशी असेल तो करतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत येऊ शकणारी असेल, तातडीचा धोका नसेल, तर तिच्या आईची परवानगीसुद्धा तिच्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही. त्या प्रकरणात तपासणीसाठी संमती दिलेल्या अविवाहित बाईचं गर्भाशयच काढलं होतं.

डॉक्टरांविरुद्ध १९९५ पासून ग्राहक आयोगात जाता येतं. वकिलांविरुद्ध मात्र येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२४ ला स्पष्ट केलं. हे मी मित्राला ऐकवलं तेव्हा तो प्रसन्न हसला. त्याच्याविरुद्ध साध्या दिवाणी न्यायालयात जाता येतं, हेही मग मी ऐकवलं.

राहता राहिली जागा आणि मुदत. वाहन अपघाताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्याकडं कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. त्यावरचं अपील पूर्वी मुंबईला. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, सकाळी तारीख पुढं ढकलल्याचं ऐकायचं आणि संध्याकाळी परत त्याच गाडीत बसायचं. चार दशकांहून जास्त मागणी झाल्यावर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात चालू झालंय. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे पक्षकारही आता इथं येतात. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत असते. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि महापालिकेच्या कायद्यात नोटिशीच्या अटी वेगळ्या आहेत. म्हणून प्लास्टर निघायची वाट न बघता वकिलाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला भेटावं. तिथं पात्र माणसाला वकील फुकट मिळतो.

आणि कागद. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी, शेजारचं दुकान किंवा खांब दिसेल असा, कारण बोंबाबोंब झाली की दुसऱ्या दिवशी मुरूम पडतो आणि खड्डा नसतोच. पडताना बघितलेल्या दोघांचे नंबर. पोलिसांत नोंद. औषधाच्या पावत्या, बुडालेल्या रोजाचा हिशेब. दवाखान्यात पहिल्याच वेळी खरं कारण सांगायचं, कारण पुढं सगळे तोच कागद वाचतात.

माझा केसपेपर अजून कपाटात आहे. त्यावर मी घरीच पडलोय.